प्लेगचे क्रूस आणि रुग्णसेवेचा इतिहास

मुंबई बेटांतील व साष्टींतील जुन्या गांवठाणांतून हिंडणाऱ्या माणसास वाटेच्या वळणावर, विहिरीच्या कडेला, कधीं एखाद्या घराच्या ओट्याला लागूनच उभा असलेला क्रूस दिसतो. गिरगांव, माजगांव, भायखळा, दादर, वांद्रें ह्या भागांत असे क्रूस पुष्कळ आहेत. कांहींच्या चौथऱ्यावर साल कोरलेलें असतें, आणि तें बहुधा १८९६ किंवा त्याच्या पुढचें असतें. संध्याकाळीं तेथें मेणबत्ती लागते, मे महिन्यांत फुलांच्या माळा चढतात, शेजारीपाजारी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणतात. परंतु हा क्रूस येथें कां उभारला, असें तरुण मुलांस विचारलें तर बहुतेकांस सांगतां येत नाहीं. म्हातारीं माणसें मात्र दोनच शब्द बोलतात : "प्लेगचा क्रूस."

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेंत मंदिराचा इतिहास व पूर्वीच्या धर्मगुरूंची माहिती दुसऱ्या लेखकांनीं दिलीच आहे. आम्हीं विषय घेतला आहे तो रोग्यांच्या सेवेचा. दरसाल परीक्षांचे निकाल लागले कीं आईबाप आमच्याकडे येतात : मुलीस नर्सिंगला घालावें काय, मुलगा डॉक्टरीस न लागला तर प्रयोगशाळेचें काम शिकावें काय, त्या धंद्यांत अब्रू आहे काय. ह्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यापूर्वीं हे व्यवसाय आपल्या भूमींत कसे रुजले हें ठाऊक असावें. आमच्या मतें ती गोष्ट शिकविणारा प्लेगच्या वर्षांसारखा दुसरा अध्याय नाहीं. निदान करणारा डॉक्टर, जंतु तपासणारा शास्त्रज्ञ, उशाशीं बसणारी परिचारिका, लस टोचणारा, गटार धुणारा, ह्या सर्वांची परीक्षा त्या वर्षांत एकाच वेळीं झाली. आणि कोण उत्तीर्ण झाला व कोण नापास झाला हेंही स्पष्ट दिसून आलें.

प्लेग येण्याआधीं मुंबईंत पाश्चात्य वैद्यक अगदींच नवें नव्हतें. १८०२ सालच्या जून महिन्यांत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस येथेंच हिंदुस्थानांतील पहिली देवीची लस टोचली गेली. १८४५ सालीं भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. १८५१ मध्यें त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. तींत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे जसे होते, तसे सेबॅस्टियन कार्व्हालो व जुझे कामिलो लिस्बोआ हे आपले दोन धर्मबांधवही होते. लिस्बोआ पुढें वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नांवारूपास आले.

परंतु ह्या डॉक्टरांच्या पेटींत होतें तरी काय? हिंवतापास क्विनाइन, वेदनेस अफू, शस्त्रक्रियेस क्लोरोफॉर्म, देवीस लस. पटकी आली म्हणजे डॉक्टर आणि वैद्य दोघेही रोग्याच्या उशाशीं सारखेच हतबल होऊन बसत. रोग जंतूंमुळें होतो हा विचार पाश्चर आणि कॉख यांच्या प्रयोगांनीं नुकता कोठें प्रस्थापित होत होता. स्वतः कॉख १८८३-८४ च्या हिंवाळ्यांत पटकीचा जंतु शोधीत कलकत्त्यास येऊन गेले होते. वैद्यकाची स्थिति अशी अर्धवट उजाडल्यासारखी असतांना मुंबईवर प्लेग आला.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत लोकांस एकाएकीं जबर ताप येऊं लागला. मांडवी म्हणजे गोदीजवळची धान्याची पेठ. वर दाटीच्या चाळी, खालीं कोठारें, आणि कोठारांखालीं गटारें. त्या भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना होता. हे गोव्यांतील हडफडें गांवचे. जन्म १८५६ चा. शिक्षण माजगांवच्या सेंट मेरी शाळेंत व पुढें ग्रँट मेडिकल कॉलेजांत झालेलें. १८८० मध्यें ते पदवीधर झाले आणि १८८८ मध्यें मुंबईच्या म्युनिसिपालिटीवर निवडून आले. त्यांनीं रोग्यांच्या अंगावरील गांठी पाहिल्या, तापाची चाल पाहिली, आणि हा प्लेग आहे असें निदान केलें. निदान केलें आणि तें म्युनिसिपालिटीच्या सभेंत उघड सांगितलें.

हें सांगणें आज वाटतें तितकें सोपें नव्हतें. व्यापाराच्या शहरांत प्लेगचा उच्चार करणें म्हणजे परदेशच्या बंदरांनीं मुंबईचा माल व माणसें अडविणें, गिरण्यांची सूतविक्री थांबणें, आणि शहर ओस पडणें. त्यामुळें हा कांहीं साधाच गांठीचा ताप असावा असें म्हणणारे पुष्कळ निघाले, आणि त्यांत डॉक्टरही होते. पुढें तज्ज्ञांनीं तपास केला तेव्हां व्हिएगस यांचें निदान खरें ठरलें. डॉक्टराचा पहिला गुण कोणता असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही बुद्धिमत्ता म्हणणार नाहीं. दिसलें तें, कोणास आवडो न आवडो, बोलून दाखविण्याचें धैर्य हा तो गुण होय. व्हिएगस यांस लोकांनीं नंतर मान दिला. १९०६ मध्यें ते म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्यें वारले. धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर, त्यांचा पुतळा आहे. त्या पुतळ्याखालून रोज हजारों लोक जातात, आणि त्यांत आपलेही लोक असतात. पण तो कोणाचा हें किती जणांस ठाऊक आहे, कोण जाणे.

रोगाचें नांव कळलें. मूळ जंतूही कळला होता. दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ च्या जूनमध्यें, हाँगकाँगच्या साथींत जपानी शास्त्रज्ञ किटासातो आणि पाश्चर संस्थेचे अलेक्झांडर यर्सिन यांनीं, एकमेकांपासून अलग काम करून, तो शोधला होता. यर्सिन यांस तर इस्पितळांत शवें तपासण्याची परवानगीही मिळेना. त्यांनीं गवताची एक झोंपडी बांधून तींत काम केलें. आज त्या जंतूस त्यांचेंच नांव आहे. परंतु जंतु दिसला म्हणजे रोग बरा झाला असें नव्हे. यर्सिन १८९७ मध्यें आपलें रक्तद्रव घेऊन मुंबईस आले, पण त्याचा म्हणावा तसा गुण आला नाहीं.

गुण आला तो प्रतिबंधक लशीचा. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा शहरांत १८६० मध्यें जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ. पाश्चर संस्थेंत शिकलेले. पटकीची लस त्यांनीं १८९२ मध्यें स्वतःस टोचून पाहिली होती व पुढें ती घेऊन बंगालभर हिंडले होते. १८९६ च्या ऑक्टोबरांत ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. त्यांची कृति आमच्या वाचक भगिनींस मनोरंजक वाटेल. जंतु वाढविण्यासाठीं गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा काढा वापरला तर लोक लस घेणार नाहींत, म्हणून त्यांनीं बकऱ्याच्या मांसाचा काढा केला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाला धरून जंतु वाढूं लागले आणि गुहेच्या छतापासून दगडी सुळके लोंबतात तसे काढ्यांत खालीं लोंबूं लागले. ती बाटली हलवावी, सुळके तळाशीं पडावे, पुनः नवे फुटावे. असें कांहीं आठवडे केल्यावर तो रस तापवून जंतु मारीत, आणि तीच लस. आपल्या घरच्या कढईंतलें तूप अशा रीतीनें मुंबईच्या पहिल्या जंतुशाळेंत जाऊन बसलें.

१८९७ च्या १० जानेवारीस हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, ते उठून कामास लागले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत साथ शिरली तेव्हां तेथील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस लस टोचण्यांत आली. न टोचलेल्यांत जितके आजारी पडले व मेले, त्या मानानें टोचलेल्यांत फारच थोडे आजारी पडले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. १८९९ मध्यें ही जंतुशाळा परळच्या जुन्या राजभवनांत गेली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचें नांव आहे.

पुढें १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका दिवशीं १०७ जणांस लस टोचली, त्यांतील एकाच बाटलींतून टोचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. दोष प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांस कामावरून दूर करण्यांत आलें. वास्तविक बाटली उघडतांना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करतां वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं ही बाजू जगापुढें मांडीपर्यंत १९०७ साल उजाडलें. मातींत पडलेला एक चिमटा! प्रयोगशाळेंत किंवा दवाखान्यांत हाताखालचें काम करणाऱ्या तरुणांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्या कामास हलकें मानणाऱ्यांनीं तर विशेषच.

आतां ह्या इतिहासाची दुःखद बाजू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हातीं अमर्याद सत्ता आली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. स्टेशनांवर उतारूंचीं अंगें, स्त्रियांचींसुद्धां, तपासलीं जाऊं लागलीं. रोगी दिसला कीं त्यास ओढून इस्पितळांत न्यावें, घरच्यांस छावणींत ठेवावें, कपडेलत्ते जाळावे, छपराचीं कौलें काढून ऊन आंत घ्यावें, आणि राहण्यास अयोग्य अशा अर्थाचीं यू. एच. एच. हीं तीन अक्षरें घराच्या भिंतीवर रंगवावीं. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रीत अशी होती कीं रोगापेक्षां लोक वैद्यासच अधिक भिऊं लागले. रोगी माळ्यावर लपविले गेले. मेलेल्यांस रात्रीं गुपचूप पोंचविलें गेलें. इस्पितळांत नेलेला परत येत नाहीं, तेथें माणसांचें काळीज काढून औषध करतात, असल्या कंड्या पिकल्या. १८९६ च्या ऑक्टोबरांत सुमारें एक हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. शहराच्या सुमारें साडेआठ लक्ष वस्तींतील जवळजवळ निम्मे लोक कांहीं महिन्यांत पळाले, आणि जेथें गेले तेथें रोग बरोबर नेला. पुण्यास रँडसाहेबांच्या कारभारांत सोजिरांनीं घेतलेल्या झडत्यांचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं कसा झाला हें महाराष्ट्रांतील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे.

पुढें १८९८ नंतर सरकारनें हात सैल केला. निरनिराळ्या जातिजमातींस आपापलीं प्लेगचीं इस्पितळें काढूं दिलीं. तेथें आपल्या ओळखीचा डॉक्टर, आपल्या हातचें अन्न, आपल्या धर्माचा माणूस जवळ. मग जे लोक रोगी लपवीत होते तेच रोगी घेऊन येऊं लागले. औषध दोन्हीकडे सारखेंच, म्हणजे जवळजवळ कांहींच नव्हतें. फरक होता तो विश्वासाचा. ह्या एका गोष्टीसाठींच आम्ही हा लेख लिहावयास घेतला असें म्हटलें तरी चालेल.

त्याच दिवसांतले हे क्रूस. संसर्गाच्या भीतीनें लोक दूरच्या मंदिरांत जमण्यास कचरत, म्हणून वाडींतल्या वाडींत क्रूस उभारून तेथें प्रार्थना म्हणण्याची चाल पडली असें जुनीं माणसें सांगतात. संत सेबॅस्टियन व संत रॉक यांची विशेष आराधना होई. संत रॉक यांची कथा आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे : प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्यांना स्वतःस तो रोग जडला, आणि रानांत पडलेल्या त्या यात्रेकरूस एक कुत्रा रोज भाकर आणून देई. क्रुसानें प्लेग थांबविला काय, असा प्रश्न हल्लींचीं शिकलेलीं मुलें विचारतात. आम्ही त्यांस इतकेंच सांगतों कीं जे लोक त्या क्रुसाभोंवतीं जमत ते निदान पळाले नव्हते. आणि जे पळत नाहींत त्यांच्यांतूनच सेवा करणारे निघतात. परंतु क्रूस आहे म्हणून लस नको, असें त्या काळीं कोणीं म्हटलें असेल तर त्यानें संत रॉक यांची कथा अर्धीच ऐकली होती.

सेवा करणाऱ्यांचीं नांवें बहुतेक विस्मृतींत गेलीं. एक नांव मात्र महाराष्ट्र विसरलेला नाहीं. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं पुण्याजवळ प्लेगचा दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या बाबाजी गायकवाडांचा मुलगा आजारी पडलेला कळतांच सावित्रीबाई त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या. मुलगा वांचला, सावित्रीबाईंस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांनीं शुश्रूषेचें शिक्षण कोठें घेतलेलें नव्हतें.

शिकलेल्या परिचारिका तेव्हां फारच थोड्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा लंडनमध्यें १८६० सालीं निघाली. मुंबईंत कामा इस्पितळ १८८६ मध्यें उघडलें, आणि त्याच सुमारास येथें परिचारिकांस शिक्षण देण्यास आरंभ झाला. पण घरंदाज मुलीनें परक्यांचीं अंगें पुसावीं हें लोकांस रुचत नसे. अशा वेळीं प्लेगच्या इस्पितळांत आपल्या धर्मभगिनी गेल्या. त्या रोग्याजवळ बसत, पाणी पाजीत, गांठीस पोटीस लावीत, आणि तो मेला तर डोळे मिटवीत. आजच्या दृष्टीनें हें उपचार म्हणण्याजोगें नव्हे असें कोणास वाटेल. पण प्लेगच्या रोग्याचें हृदय फार दुर्बळ होतें. त्यास उठूं न देणें, पाणी देत राहणें, स्वच्छ ठेवणें, एवढ्यानेंही कांहीं जीव वांचत.

येथें एक गोष्ट आपल्याच घरची आहे, ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. धर्मगुरूंनीं शस्त्रक्रिया करूं नये असें १२१५ च्या लॅटरन परिषदेनें ठरविलें होतें. धर्मभगिनींसही प्रसूतीचें वैद्यक करण्यास चर्चच्या कायद्यानें दीर्घकाळ मनाई होती. हिंदुस्थानांत पडद्यांतल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीही दाखवीत नसत आणि बाळंतपणांत मरत. आणि ज्या भगिनी त्यांच्यापर्यंत पोंचूं शकत होत्या त्यांचे हात बांधलेले! डॉ. ॲग्नेस मक्लारेन ह्या स्कॉटिश बाईंनीं रावळपिंडीस स्त्रियांचें इस्पितळ काढलें व उतारवयांत रोमला पुनः पुनः जाऊन ही बंदी उठविण्याची विनंति केली. १९१३ मध्यें त्या वारल्या. त्यांचें काम टायरोल प्रांताच्या डॉ. ॲना डेंगल यांनीं उचललें. १९२० मध्यें त्या रावळपिंडीस आल्या, १९२५ मध्यें त्यांनीं वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला, आणि अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमनें ती बंदी उठविली. तत्पूर्वींच, १९२० मध्यें, ऑस्ट्रेलियाच्या मेरी ग्लाउरी ह्या गुंटूरला डॉक्टर म्हणून आल्या होत्या, व पुढें पोपसाहेबांच्या खास परवानगीनें धर्मभगिनी असूनही त्या वैद्यकी करीत. आज एखादी धर्मभगिनी शस्त्रक्रियेच्या टेबलाशीं उभी असते तेव्हां तिच्यामागें ह्या बायांची पंचवीस-तीस वर्षांची चिकाटी असते.

प्लेगचा खरा वाहक कोण हें कळावयास मात्र फार दिवस लागले. साथ येण्याआधीं घरांत उंदीर पडतात हें सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. पॉल लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें मुंबईंत रोग पाहिला आणि १८९८ च्या जूनमध्यें कराचीस प्रयोग करून सांगितलें कीं उंदरावरची पिसू हीच प्लेग पसरविते. त्यावर कोणीं विश्वास ठेवला नाहीं. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत ग्लेन लिस्टन प्रभृतींनीं गिनीपिग प्राण्यांवर प्रयोग केले. जेथें पिसवा पोंचूं शकत तेथले प्राणी मेले. जेथें त्यांस अटकाव होता तेथले, शेजारीं रोगी प्राणी असूनही, जगले. १९१४ मध्यें बॅकट व मार्टिन यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. पिसवेच्या पोटांत जंतु इतके माजतात कीं तिचा अन्नमार्गच बुजतो. ती भुकेनें वखवखते, पुनः पुनः चावते, आणि गिळतां न आलेलें रक्त जंतूंसह जखमेंत परत ओकते. उंदीर मेला, त्याचें अंग थंड पडलें, कीं ती त्यास सोडून जवळच्या ऊबदार अंगाकडे जाते, आणि तें अंग माणसाचें असतें.

हें कळल्यावर मागचें सर्व निराळें दिसूं लागलें. गटारांत धोधो पाणी व कार्बोलिक सोडून शहर धुवून काढल्याचा म्युनिसिपालिटीस अभिमान होता. पण त्यामुळें उंदीर गटारांतून निघून घराघरांत शिरले असण्याचा संभव होता. कौलें उतरविणें, बिछाने जाळणें, माणसांस कोंडणें, ह्यांतलें पुष्कळसें नेमक्या शत्रूस सोडून चाललें होतें. हिंदुस्थानांत ह्या रोगानें पुढच्या तीसेक वर्षांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

औषध आलें तें साथ ओसरत आल्यावर. १९३५ नंतर सल्फा वर्गाचीं औषधें निघालीं. परळला सर साहेबसिंग सोखी यांच्या देखरेखीखालीं प्लेगवर त्यांचे प्रयोग झाले. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि तें प्लेगच्या जंतूवर रामबाण ठरलें. ज्या रोगांत पूर्वीं निम्म्याहून अधिक रोगी मरत, तो वेळींच औषध मिळाल्यास बहुधा बरा होणारा झाला.

म्हणून १९९४ सालीं जें घडलें तें अधिक चमत्कारिक वाटतें. आम्ही तेव्हां सेमिनरींत होतों. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले आणि सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची हांक उठली. औषध तेव्हां प्रत्येक दुकानांत मिळत होतें. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या लोकांनीं मुठीमुठींनीं नेल्या. मृत्यु झाले सुमारें ५०. पण लाखों माणसें सुरत सोडून पळालीं, आणि पळणाऱ्यांत खाजगी डॉक्टरही पुष्कळ होते. १८९६ मध्यें औषध नसतांना व्हिएगस मांडवींत राहिले होते.

आणि २०२०. मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत करोनासाठीं जो कायदा लागू झाला तो १८९७ चाच. मुंबईचे पहिले रोगी ज्या कस्तुरबा इस्पितळांत ठेवले तें म्हणजे पूर्वीचें आर्थर रोडचें, ज्यावर गिरणीकामगार चालून गेले होते तेंच. ह्या खेपेसही डॉक्टरांवर दगड पडले, परिचारिकांस घरमालकांनीं खोल्या सोडावयास सांगितल्या. तेव्हां त्याच वर्षीं त्या जुन्या कायद्यांत दुरुस्ती करून रुग्णसेवकांवरील हल्ला हा जबर शिक्षेचा गुन्हा ठरविण्यांत आला. रोग्यांविरुद्ध सत्ता देणारा कायदा सव्वाशें वर्षांनीं रोग्यांच्या सेवकांचें रक्षण करूं लागला, ही नोंद भावी इतिहासकार केल्यावांचून राहणार नाहीं. त्या महिन्यांत दफनविधीस आम्हीं व चारदोन माणसें एवढींच असूं. पेटी उचलणारे अनेकदां इस्पितळाचेच नोकर असत.

आतां आईबापांच्या प्रश्नाकडे वळतों. डॉक्टर होण्यास बारावीनंतर साडेपांच वर्षें लागतात, आणि प्रवेशपरीक्षा किती कठीण आहे हें घरोघरीं ठाऊक आहे. पण रुग्णसेवा म्हणजे डॉक्टरीच हा समज आम्हांस मान्य नाहीं. परिचारिकेचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, जनरल नर्सिंगचा त्याहून कमी. १९३५ च्या मुंबई कायद्यानें परिचारिका व सुइणींची नोंदणी सुरू झाली, आणि १९४७ मध्यें सर्व देशासाठीं नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला; तेव्हां हा धंदा हलका ही भाषा जुनी झाली. रक्त व थुंकी तपासणारे तंत्रज्ञ, औषधें देणारे, क्ष-किरणांचे जाणकार, ह्यांची वाण सर्वत्र आहे. २००५ पासून खेडोपाडीं 'आशा' म्हणून ज्या स्त्रिया घरोघर फिरतात त्यांना मोबदला थोडा आहे, मान त्याहून थोडा. तथापि १८९७ मध्यें सोजिरांऐवजीं वाडींतलीच अशी एखादी ओळखीची बाई दारांत उभी राहिली असती तर किती रोगी माळ्यावरून खालीं आले असते, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

शेवटीं, ज्या धंद्याबद्दल आजवर कोणा आईबापानें आम्हांस विचारलेलें नाहीं तो. सिमाँ व लिस्टन यांचा शोध ज्यांच्या हातांनीं रोज अमलांत आला ते मुंबई महापालिकेचे उंदीर मारणारे कामगार होत. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतही ते रात्रपाळीनें कामावर होते. एकेकानें रात्रींत तीस उंदीर मारून सकाळीं मोजून द्यावे असा नियम होता, आणि शहर झोंपलेलें असतांना ते हातांत विजेरी व काठी घेऊन बाजारांच्या व चाळींच्या मागल्या बोळांतून फिरत.